ट्रक चढ कां चढेना?

माझा एक जुना विद्यार्थी मालवाहतुकीचा धंदा करतो. त्याचा ट्रक वीस वर्षांहून जुना. त्याच्या इंजिनांत संगणकाचा शिरकाव नाहीं, डिझेलचा पंप सर्वस्वी यांत्रिक. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला हा ट्रक खंबाटकीच्या चढावर दम सोडूं लागला. "इंजिन झिजलें, खोलावें लागेल," असें मेस्त्रीनें सांगितलें. त्या खर्चासाठीं पतपेढीकडे कर्जाचा अर्ज लिहून घेण्यास तो माझ्याकडे आला.

मी मेस्त्री नव्हे, परंतु लेखणी उचलण्यापूर्वीं मीं त्याला विचारलें, "अरे, धुराचा रंग कोणता?"

प्रश्न वाटतो तितका वावगा नाहीं. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. कोंडलेली हवा दाबून तिचें आकारमान सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणतात. त्या दाबानें ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. १ किलो डिझेल पुरतें जळण्यास सुमारें १४.५ किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा नोझल ठिबकूं लागले, तर धूर काळा येतो. रिंगा झिजून ऑइल जळूं लागलें, तर तो निळसर होतो. तापलेल्या इंजिनांतूनहि सतत पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे, अथवा सिलिंडरांत पाणी शिरत आहे, असें समजावें.

"धूर फारसा नाहींच, गुरुजी," तो म्हणाला.

शक्ति कमी आणि धूरहि नाहीं, याचा अर्थ बहुधा डिझेलच पुरेसें पोंचत नाहीं. ब्रेक चिकटत नव्हते, कारण चाकांचे ड्रम गार होते. इंजिनाचे फेरे वाढून गाडी मात्र मागें राहते, असेंहि होत नव्हतें. म्हणजे क्लच घसरत नव्हता. डिझेलचा फिल्टर तर नुकताच बदललेला.

"मग गाडी पुन्हा चालते कशी?"

"पाव तास उभी केली कीं आपोआप सुधारते."

येथें मी थबकलों. झिजलेलें इंजिन पाव तासाच्या विसाव्यानें बरें होत नाहीं! आपल्या घरांतला तेलाचा डबा आठवा. त्यास एकच भोंक पाडलें तर तेल अडखळत येतें. दुसरें पाडलें कीं धार लागते. ट्रकच्या टांकींतून जितकें डिझेल ओढलें जातें, तितकी हवा आंत यावयास हवी. त्यासाठीं झांकणाला बारीक छिद्र असतें. तें बुजलें, तर टांकींत पोकळी वाढत जाते आणि पंपाला डिझेल ओढवेनासें होतें. गाडी उभी राहिली म्हणजे हळूहळू हवा झिरपते व काम पुन्हा सुरू होतें.

मीं त्याला एवढेंच सांगितलें, "पुढच्या वेळीं विसावा देऊं नकोस. लगेच झांकण उघड, पुन्हा बसव आणि गाडी हांक."

दोन दिवसांनीं तो पेढे घेऊन आला. झांकण उघडतांच सूं करून हवा आंत शिरली आणि ट्रक तत्काळ चढ चढूं लागला. छिद्रांत धूळ व ग्रीस यांचें बूच बसलें होतें.

श्रोतेहो, इंजिन खरोखरच झिजतें, तेव्हां तें खोलावेंच लागतें. पण स्वस्त तपासणी आधीं, महाग दुरुस्ती मागाहून, हा क्रम सोडूं नये. मेस्त्रीला "काय बदलायचें?" असें विचारण्यापूर्वीं "कशावरून?" असें विचारावें. तो अर्ज मला लिहावा लागला नाहीं.