न सांधणारी नडगी

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तरी आज हाडांविषयी बोलायला बसलो आहे, त्याला कारण आमचे आबा. आबा माझे चुलतभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. कऱ्हाड तालुक्यात त्यांची थोडी ऊसशेती आहे. २०१७ च्या जानेवारीत, ऐन हंगामात, उसाच्या ट्रॉलीचे चाक त्यांच्या उजव्या नडगीवरून गेले. हाड मोडून कातडीबाहेर आले.

आपल्या नडगीवरून एकदा हात फिरवून पाहा. पुढच्या बाजूला कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांस असे जवळजवळ नाहीच. मांडीचे हाड चहूकडून स्नायूंत गुंडाळलेले असते, आणि स्नायूंबरोबर रक्ताचा पुरवठाही येतो. नडगी बिचारी उघडी. म्हणून ती मोडली की पुष्कळदा कातडी फाडून बाहेर येते, तिला माती लागते, आणि भरून यायला रक्त मात्र तुटपुंजे.

आबांच्या पायात शहरातल्या एका रुग्णालयात पट्टी बसवली. तिसऱ्या आठवड्यात पू दिसला. औषधे झाली, पू थांबला. महिन्याने पुन्हा जखमेला तोंड फुटले. पुढे पट्टी काढली, प्लास्टर घातले. वर्ष असे गेले. पाय टेकला की मोडल्या जागी हाड हलायचे.

हे असे का होते, ते मला पुढे एका डॉक्टरांनी समजावून सांगितले. मोडलेल्या हाडाच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग मरतो. मेलेले हाड दिसायला हाडच, पण जंतूंना ते फार सोयीचे घर. औषध रक्तातून जाते. जिथे रक्त नाही तिथे औषध कसे पोचणार? पाटाचे पाणी ज्या वाफ्यापर्यंत जातच नाही, त्याच्यासाठी पाण्यात खत कितीही विरघळवा! शिवाय जंतू मेलेल्या हाडावर आणि धातूच्या पट्टीवर चिकट थर धरून बसतात, तो गोळ्यांना दाद देत नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. २०१८ च्या उन्हाळ्यात मीच आबांना म्हणालो, “आबा, पाय काढून टाका. जयपूरचा पाय बसवू. मोकळे व्हाल.” आबा काही बोलले नाहीत. वहिनी उठून आत गेल्या. सल्ला अगदीच वेडा नव्हता. पायाच्या मुख्य शिरा आणि नसा गेल्या असतील, तर पाय काढणे हेच कधी कधी शहाणपणाचे असते. पण आबांचे पाऊल ऊबदार होते, तळव्याला स्पर्श कळत होता, बोटे हलत होती. ते मी पाहिलेच नव्हते. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच पाहिले.

त्यांनी आधी हाड जोडायची गोष्टच काढली नाही. ते म्हणाले, पहिले काम काढण्याचे. मेलेले हाड कापत जायचे, कडेतून रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागेपर्यंत. ते दिसले की तिथे जिवंत हाड लागले. आबांच्या नडगीतले सहा सेंटिमीटर हाड असे गेले. मधली जागा रिकामी! ती कशाने भरायची?

याचे उत्तर ज्या माणसाकडून आले, त्याचे नाव गाव्रिल इलिझारोव. सोव्हिएत रशियातले हे डॉक्टर १९४४ साली पदवी घेऊन सायबेरियातल्या कुर्गान भागात, दोल्गोव्का नावाच्या खेड्यात गेले. युद्धातून मोडके पाय घेऊन आलेली माणसे पुष्कळ, साधने थोडी. १९५० च्या सुमारास त्यांनी पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या, आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या बारीक तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांना बांधल्या. उंच उडीतला ऑलिंपिक विजेता वालेरी ब्रूमेल याची नडगी १९६५ च्या मोटारसायकल अपघातात मोडली. कित्येक शस्त्रक्रिया होऊनही ती जुळेना. १९६८ मध्ये इलिझारोवांनी त्याच्यावर उपचार केले. पुढे तो पुन्हा दोन मीटरांवर उडी मारू शकला. पश्चिम युरोपातल्या डॉक्टरांना ही पद्धत नीट समजायला १९८१ साल उजाडले. खेड्यातल्या डॉक्टराची विद्या राजधानीत पोचायला वेळ लागतो, हे इतिहासात काही नवे नाही.

इलिझारोवांना आढळले ते असे. निरोगी हाड बेताने कापावे, त्याचे वरचे आवरण आणि आतली मज्जा होईल तितकी जपावी, आठवडाभर थांबावे, आणि मग दोन टोके अगदी सावकाश दूर न्यावीत. मधल्या फटीत नवे हाड तयार होत जाते. वेग दिवसाला एक मिलिमीटर. फार घाई केली तर फट रिकामी राहते. फार रेंगाळले तर हाड अवेळी जुळून बसते.

आबांचे हाड गुडघ्याखाली, निरोगी भागात कापले. मधला तुकडा कड्यांच्या साहाय्याने रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. खालची पोकळी मिटत जाते, वर मागे नवे हाड भरत जाते. आणि सरकवायचा कोणी? डॉक्टरांनी नव्हे. वहिनींनी!

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. दर वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे नटाचा पाव फेरा. पाना दहा नंबरचा, ट्रॅक्टरच्या पेटीत असतो तसाच. कुठल्या बाजूला फिरवायचे ते चुकू नये म्हणून पुतणीने नटांवर नखांच्या लाल रंगाने खूण केली, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर दर खेपेला एक रेघ ओढली. साठ दिवसांच्या दोनशे चाळीस रेघा. मी मोजल्या आहेत.

हे सारे सुखाचे नव्हते. तारा कातडीतून जातात तिथे लाली येते, पाणी सुटते. रोज स्वच्छता करावी लागते. पाऊल खाली लोंबू नये म्हणून पट्ट्याने वर ताणून ठेवावे लागे. आबांना रात्री कूस बदलता येईना. वहिनींनी लेंगा उसवून बाजूला नाड्या लावून दिल्या. तुकडा खाली पोचल्यावर तिथे मध्ये मऊ पेशी अडकल्या होत्या. त्या काढून कमरेच्या हाडाचा थोडा चुरा घालावा लागला. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते, म्हणून कोणी हबकले नाही. तंबाखू मात्र पहिल्या दिवसापासून बंद. तिने हाड जुळायला उशीर होतो.

हाड सरकवून झाले म्हणजे काम संपले असे नाही. नवे हाड सुरुवातीला कोवळे असते. दर सेंटिमीटरमागे कड्या एक ते दोन महिने ठेवाव्या लागतात असा साधारण हिशेब. आबांच्या पायात त्या दहा महिने होत्या. त्या काळात त्यांना झोपून राहू दिले नाही. कुबड्यांवर भार देत चालायला लावले, कारण भार पडला की हाड घट्ट होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये कड्या निघाल्या. घोटा अजून पुरता वाकत नाही, उकिडवे बसता येत नाही. पण बांधावरून चालतात.

आपल्या गावात कोणाची नडगी वर्षभर वाहत असेल, तर दोन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत: आत मेलेले हाड उरले आहे का, आणि पावलाला रक्त व स्पर्श शाबूत आहे का. उपचार ठरला तर घरातला कोण रोज चार वेळा पाना हाती घेणार, हेही तेव्हाच ठरवावे. आबांच्या घरी वहिनी एकदाच माहेरी गेल्या होत्या, भावाच्या मुलीच्या लग्नाला. ते दोन दिवस पाना माझ्याकडे होता. रात्री बाराच्या गजराला उठून मी कंदिलासारखा मोबाइल धरला, लाल खूण शोधली आणि पाव फेरा दिला. आबा झोपेतच म्हणाले, “झालं का रे?”