आपल्या पोरांचे नाटक



येत्या रविवारपासून आपल्या वस्तीत कॉलेजची काही मुलेमुली येणार आहेत. काल एका मावशींनी मला विचारले, "भाऊ, ही पोरं येणार कशापायी? आम्हाला शिकवायला?" प्रश्न रास्त आहे.

कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ती सुरू झाली. तिच्यात नाव घातले की दोन वर्षांत २४० तास समाजाचे काम करायचे. कुणी झाडे लावतो, कुणी रस्ता झाडतो. झाडू हातात धरून फोटो काढला की तास भरले, असेही होते. ते मी लपवत नाही. ही मुले मात्र आपल्या पोरांच्या नाटकाला मदत करायला येणार आहेत.

तुम्ही म्हणाल, नाटक आपले नव्हे. ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, कल्याणला अत्रे रंगमंदिर. आपल्यातले किती जण आत गेलो?

रत्नाकर मतकरी हे मोठे नाटककार. मुलांच्या नाटकांसाठी त्यांनी १९६२ साली संस्था काढली. पुढे २०१४ साली ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्तीतल्या मुलांना दुसऱ्याचे नाटक पाठ करायला लावायचे नाही. आपल्या घरात, गल्लीत जे घडते, तेच मुलांनी मांडायचे. जाणत्या कलावंतांनी वाट दाखवायची. मतकरी २०२० च्या मे महिन्यात करोनाने गेले.

अशीच एक तालीम मी दुसऱ्या वस्तीत पाहिली. एक पोरगी आईचे सोंग घेऊन नळाच्या रांगेत उभी. पाणी जाते, हंडा रिकामा, घरी नवरा ओरडतो. कॉलेजची एक ताई म्हणाली, "शेवटी नवरा हंडा उचलतो, असं करू या का?" पोरगी म्हणाली, "ताई, आमच्याकडं तसं होत नाही." ताई गप्प झाली. मग खाली बसून तिने विचारले, "नळ किती वाजता येतो?" त्या दिवशी कोण शिकले, ते तुम्हीच ठरवा.

पोरीची आई मात्र रागावली. "घरची अब्रू चव्हाट्यावर आणली!" म्हणाली. तिचे काही चुकले नाही. म्हणून आपण इथे आधीच ठरवू. खरे नाव कुणाचेही घ्यायचे नाही. घरातली गोष्ट मांडण्याआधी घरच्यांना दाखवायची. आई नको म्हणाली, तर ती गोष्ट गळाली.

आणखी एक. मुलींना पाठवायला तुम्ही कचरता. संध्याकाळी पाणी भरायचे असते, धाकट्यांना सांभाळायचे असते. तर तालीम दुपारी तीन ते पाच, बालवाडीच्या खोलीत. दार उघडे राहील. धाकट्याला कडेवर घेऊन आली तरी चालेल. तुम्हीही येऊन बसा. ज्यांना आता वाचता येते, त्यांनी पोरांच्या वह्यांतले संवाद वाचून पाहावेत.

नावे आज फळ्यावर लिहू. ज्याची त्याने आपल्या हाताने लिहायची.