एका डॉलरचा करार



या व्यासपीठावरून गेले चार दिवस विद्वान मंडळी बोलून गेली. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते विडी कामगारांच्या मोर्च्यांत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे आम्ही टेनिसवर बोलणार म्हटल्यावर चिटणीसांनी जरा संशयानेच पाहिले. रॅकेट आम्ही जन्मात हाती धरलेली नाही. पण बिली जीन किंग यांची हकिगत वाचू लागलो, आणि ही बाई तर आपल्याच धंद्यातली, असे वाटले.

त्यांचा जन्म १९४३ सालचा, कॅलिफोर्नियातील लाँग बीच गावचा. वडील आगीच्या बंबावर नोकरीला. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या टेनिस क्लबात मुलांचा फोटो काढायचा होता. या मुलीच्या अंगात टेनिसचा झगा नव्हता, आईने घरी शिवलेली अर्धी विजार होती. तिला फोटोतून बाजूला काढले. गरिबाघरच्या माणसाला या प्रसंगाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

विजयांची यादी आम्ही वाचत बसत नाही. विम्बल्डनची एकेरी अजिंक्यपदे ६, आणि दुहेरी, मिश्र दुहेरी धरून तिथली एकूण २०; एवढे पुरे. १९६८ साली ती स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना मोकळी झाली. त्या वर्षी पुरुषांत रॉड लेव्हर जिंकले, त्यांना २,००० पौंड मिळाले. किंगबाई जिंकल्या, त्यांना ७५०. हिरवळ तीच, जाळीही तीच.

पुरुष पाच डाव खेळतात, बायका तीनच, असे यावर म्हणतात. हा मुद्दा अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण नाटकाचे तिकीट कोणी तासांवर लावीत नाही. आणि लावायचेच तर तीनास पाच धरा. १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्रीला १,५०० जाहीर झाले. हे एकास आठाहून जास्त झाले. हे कोणत्या पाढ्यात बसते?

तेव्हा २३ सप्टेंबर १९७० रोजी ह्यूस्टन येथे नऊजणींनी वेगळी चूल मांडली. सात अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन. 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकीने एका डॉलरचा करार केला. एक डॉलर! आपल्याकडे विसाराला सव्वा रुपया देतात, तसे. अमेरिकेच्या संघटनेने त्यांना निलंबित केले. पोटावर पाय येणार हे ठाऊक असून सही करणे म्हणजे काय, हे ज्यांनी संपाच्या पहिल्या सकाळी दाराबाहेर उभे राहून पाहिले आहे त्यांना कळेल. नऊ म्हणजे फार नव्हेत. पुष्कळशा नामवंत बायका जुन्या घरातच राहिल्या.

आता एक अडचणीची गोष्ट. या स्पर्धेला पैसा आला तो व्हर्जिनिया स्लिम्स या, खास स्त्रियांसाठी काढलेल्या सिगारेटचा. तंबाखूची धूळ छातीत घेऊन खोकणाऱ्या बाया आम्ही तीस वर्षे जवळून पाहिल्या आहेत. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. पुन्हा उघडले, कारण संपाच्या काळात तांदूळ देणाऱ्याला त्याचा धंदा आम्हीही दर वेळी विचारलेला नाही. तरी ती टोचणी जात नाही.

१९७२ साली पुरुष खेळाडूंनी आपली संघटना बांधली. तीत स्त्रियांना जागा नव्हती. जून १९७३ मध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठांहून अधिक बायका जमल्या. किंगबाईंनी बेटी स्टोव्हे या धिप्पाड डच खेळाडूला दाराशी उभे केले आणि ठरल्याशिवाय कोणाला बाहेर सोडू नको म्हणून सांगितले. (आमच्या सभांना अशी एक स्टोव्हे मिळती तर!) त्या दिवशी स्त्रियांची टेनिस संघटना उभी राहिली.

आदल्या वर्षी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकून त्यांना १०,००० डॉलर आणि पुरुष विजेत्याला २५,००० मिळाले होते. असेच राहिले तर पुढल्या वर्षी येणार नाही, असे त्यांनी बजावले. १९७३ साली तिथे बक्षीस समान झाले. गंमत पाहा : त्या स्पर्धेत किंगबाई आजारी पडून तिसऱ्या फेरीतच खेळ सोडून गेल्या. ते पहिले समान २५,००० घेतले मार्गारेट कोर्ट यांनी, ज्या ह्यूस्टनच्या नऊजणींत नव्हत्या. पगारवाढ संपात न आलेल्यालाही मिळते. कामगार चळवळीत हे कोणाला नवे नाही. थोड्याच दिवसांनी, २० सप्टेंबरला, ५५ वर्षांच्या बॉबी रिग्ज यांना त्यांनी तीन सरळ डावांत हरवले. ३०,००० वर माणसे बघायला आली. त्यावर सिनेमे निघाले, म्हणून आम्ही जास्त बोलत नाही.

१९८१ साली एका दाव्यातून त्यांचे एका स्त्रीशी असलेले संबंध जगजाहीर झाले. दावा त्या जिंकल्या, पण जाहिरातींचे करार भराभर गेले. वकिलांचे पैसे भागवायला त्या खेळत राहिल्या आणि १९८३ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, विम्बल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचल्या.

त्या विम्बल्डनने बक्षीस समान केले २००७ साली. ते पहिल्यांदा व्हीनस विल्यम्स यांनी उचलले. किंगबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या.