खुंटीवरची रॅकेट

उन्हाळ कांद्याच्या लागणीची घाई चाललीय, हात चिखलात आणि कान रेडिओकडे, असंच असेल बऱ्याच जणींचं. चालू द्या काम. आज मी टेनिसवर बोलणार आहे. हसू नका. आपल्याकडे टेनिसचा बॉल म्हणजे पोरं क्रिकेट खेळतात तो, एवढीच ओळख असते. पण या टेनिसपायी आमच्या गटाच्या हप्त्याची वही माझ्याकडे महिनाभर डोळे वटारून बघत होती. ती गोष्ट सांगते. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतेय.

आमचं गाव शिर्डीपासून हाकेवर. निम्म्या बाया शेतात, निम्म्या शिर्डीच्या लॉजवर कामाला. या ताई तिथं चादरी धुवायला जातात. दोन वर्षांमागं शाळेत एका सरांनी मैदानावर मुरूम टाकला, रोलर फिरवला, दोन खांबांना शेडनेटचं जाळं बांधलं आणि टेनिस सुरू केलं. माझी थोरली आणि ताईंची मुलगी, दोघी आठवीत, एकाच बाकावरच्या. दोघींना खेळाचं वेड लागलं. शाळेत रॅकेटी चारच. मग ताईंनी गटाकडं तीन हजारांचं कर्ज मागितलं, रॅकेटीसाठी.

बैठकीत गलका झाला. एक आजी म्हणाल्या, "शेळीला दिलं, शिलाई मशीनला दिलं, आता ह्या जाळीच्या पळीला पण द्यायचं का?" मीच भांडले. म्हटलं, पोरांच्या बॅटीसाठी घरात कोणी विचारतं का? कर्ज मंजूर झालं. दहा हप्ते, तीनशेचा एक, वर शेकडा दोन व्याज.

पुढं माझी थोरली तालुक्याच्या गावी एका क्लबात शिकायला जायला लागली. आमची ऐपत होती म्हणून, हे आधीच सांगते. सहा महिन्यांत तिचा हात बसला. आणि मग घरी बोलणं सुरू झालं, "आई, तिच्याबरोबर खेळले की माझा खेळ बिघडतो. बॉल परतच येत नाही." शाळेच्या मैदानावर जायचं तिनं बंद केलं. दुसरी पोर दोन-चार दिवस भिंतीवर बॉल मारत राहिली, मग तीही घरी बसली. रॅकेट खुंटीला.

पाचव्या हप्त्याला ताई आल्या. बाकी अठराशे, त्यावर छत्तीस व्याज. तीनशे छत्तीस रुपये त्यांनी सुटे मोजून दिले, मी लिहून घेतले. एक शब्द बोलल्या नाहीत. खुंटीवरच्या रॅकेटीचं व्याज घेताना माझं अक्षर वाकडं आलं होतं, वही अजून दाखवीन कोणाला बघायची असेल तर.

घरी येऊन लेकीला बोलले. ती म्हणते, "तूच सांगतेस ना, आपल्यापेक्षा चांगल्यांच्या संगतीत राहा?" मला उत्तर सुचेना. कारण ती अगदीच खोटं बोलत नव्हती. समोरचा फारच कच्चा असला की बॉल परत येत नाही, पाय आळशी होतात, हे खरंच आहे. नुसतं "मैत्रीण आहे, खेळ तिच्याशी" म्हणणं म्हणजे तिच्यावर दया करायला सांगणं. आणि दयेनं खेळायला आलेल्या पोरीबरोबर कोणाला खेळावंसं वाटेल?

त्याच आठवड्यात क्लबातल्या मोठ्या मुलीनं माझ्या लेकीला सहा-शून्य हरवलं आणि नंतर दुसरीकडं तोंड करून बसली. ही रडत घरी आली. म्हणे, "ती माझ्याशी नीट खेळतच नाही, जांभया देते." मी भाकरी थापत होते. तव्याकडं बघतच म्हटलं, "तिचा खेळ बिघडत असेल गं तुझ्यामुळं." लेक गप्प. जेवलीही नाही नीट. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेतलं नाही.

आता थोडं शेजारच्या तालुक्यात जाऊ. ऋतुजा भोसले हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म आपल्या श्रीरामपूरचा, 1996 चा. चीनमधल्या हांगझोऊला आशियाई खेळ झाले. होते 2022 चे, करोनामुळं झाले 2023 मध्ये. तिथं ती मिश्र दुहेरीत रोहन बोपण्णाबरोबर खेळली. मिश्र दुहेरी म्हणजे एका बाजूला एक बाई, एक पुरुष. आता बोपण्णा कोण? कर्नाटकातल्या कोडगूचा, तेव्हा 43 वर्षांचा, 2017 ला फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी जिंकलेला. पुढच्याच जानेवारीत त्यानं ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पुरुष दुहेरी जिंकली आणि दुहेरीत जगात पहिल्या नंबरावर गेला. ऋतुजा 27 वर्षांची, अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात शिकत-खेळत तयार झालेली, लहान-लहान स्पर्धांमधून वर येणारी, क्रमवारीत पहिल्या शंभराच्या बाहेर. दोघांत अंतर किती, तुम्हीच बघा.

30 सप्टेंबरला अंतिम सामना, चिनी तैपेईच्या जोडीशी. पहिला सेट हे 2-6 असे हरले. दुसरा 6-3 जिंकले. मग निकालाचा डाव, ज्यात दहा गुणांपर्यंत खेळतात, तो 10-4. सुवर्णपदक!

मला त्यात आवडतो तो दुहेरीचा नियम. चौघांनी आळीपाळीनं सर्व्हिस करायचीच. म्हणजे दर चौथ्या गेमला प्रत्येकाची पाळी येते. समोरून येणारी सर्व्हिस घ्यायची बाजूही ठरलेली, सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. जोडीदार कितीही मोठा असो, तुमची सर्व्हिस तो मारू शकत नाही. पाळी आली की तुम्हीच उभं राहायचं, सगळ्यांच्या देखत. आमच्या गटात असा नियम असता तर बरं झालं असतं. सहा वर्षं हिशोबाची वही मीच लिहिते, कारण मला पटकन येतं. परिणाम काय, तर मी तापानं पडले त्या महिन्यात बैठकच झाली नाही.

असो. तर पोरींचं काय करायचं? आधी मला आपलं लिंबूटिंबू आठवलं. लपंडावात, पकडापकडीत धाकट्या भावंडाला घेतात ना, कच्चं लिंबू म्हणून? पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. मी लेकीला म्हटलं, तिला लिंबूटिंबू धर. लेक म्हणाली, "आई, तेरा वर्षांच्या मुलीला?" बरोबर होतं तिचं. लिंबूटिंबूचा आउट धरत नाहीत, म्हणून त्याची जीतही कोणी धरत नाही. ते बिचारं नुसतं पळत असतं.

शाळेच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, टेनिसमध्ये यावर जुने तोडगे आहेत. टेनिसचे गुण मोजतात पंधरा, तीस, चाळीस आणि मग गेम. तर कच्च्या खेळाडूला प्रत्येक गेम शून्याऐवजी तीसपासून सुरू करू द्यायचा. आउट धरायचा, जीतही धरायची, फक्त सुरुवात पुढून. दुसरा तोडगा, तयार खेळाडूला मैदान अर्धंच. म्हणजे कच्ची मुलगी पूर्ण मैदानात कुठंही मारेल, पण माझ्या लेकीनं मधल्या रेघेच्या एकाच बाजूला बॉल टाकायचा, तिकडं पडला तर गुण गेला. तिसरा, सर्व्हिस. टेनिसमध्ये एक चुकली तर दुसरी मिळते. तयार मुलीला एकच.

चाकाच्या खुर्चीवर बसून टेनिस खेळणाऱ्यांना बॉलचे दोन टप्पे चालतात, हेही सरांनीच सांगितलं. समोर पायांवर पळणारा खेळाडू असला तर त्याला एकच टप्पा, खुर्चीवाल्याला दोन. खेळाच्या पुस्तकातच लिहिलंय तसं. लहान मुलांसाठी बॉलही वेगळे असतात, लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे. लाल तर नेहमीच्या बॉलपेक्षा पंचाहत्तर टक्के हळू. आमच्याकडं कुठले आलेत ते! पण जुना, दम गेलेला बॉल आपोआपच हळू उसळतो. पोरांच्या क्रिकेटमधून तसले सहा बॉल आणले. पोरांनी कटकट केली, पण दिले.

पहिल्या दिवशी लेक तोंड वाकडं करूनच गेली. मी बांधावर बसून बघत होते. अर्ध्या मैदानात बॉल टाकायचा म्हटल्यावर तिची त्रेधा उडाली. जोरात मारायची सवय, बॉल रेघेबाहेर. पहिले दोन गेम चक्क हरली. हरली! समोरच्या पोरीला आधी खरंच वाटेना, ती सरांकडं बघत राहिली. क्लबात लेकीला कोणी सांगितलं नव्हतं की तुझा बॉल जातो जोरात, पण जातो कुठं हे तुला ठाऊक नाही. ते या मुरमावर कळलं. आठवड्यात तीन दिवस क्लब आणि दोन दिवस शाळा, असं मग तिनं स्वतःच ठरवलं. मोठ्या मुलींशी खेळताना ती मार खायला शिकते, आणि इथं मुरमावर नेम धरायला.

तुम्ही फुगडी घातलीय ना जाड बाईबरोबर? माझी मोठी जाऊ माझ्या दीडपट. ती पूर्ण मागं रेलली तर मी उडून पडेन. म्हणून ती थोडी कमी रेलते, पाय जवळ घेते, आणि मग अशी फुगडी रंगते की बघणाऱ्या मोजायचं विसरतात. मी तिला एकदा विचारलं, तुम्हाला मजा येते का असं आवरून घेताना? म्हणाली, "अगं, आवरायला जास्त ताकद लागते." मला वाटतं सरांचे सगळे तोडगे या एका वाक्यात आले.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे सगळं फक्त तेव्हाच चालतं जेव्हा कच्च्या खेळाडूला विचारून ठरवतात. एकदा लेकीनं आपल्या मनानं बॉल हळू टाकायला सुरुवात केली, गुपचूप, मैत्रिणीला जिंकवायला. त्या पोरीनं तिसऱ्याच बॉलला ओळखलं आणि रॅकेट खाली टाकून चालती झाली. दोन दिवस बोलली नाही. तीसची सुरुवात तिला चालत होती, कारण ती उघड होती, बोलून ठरलेली होती. चोरून केलेली मेहेरबानी नको होती तिला. आणि आमच्या पोरी याबाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या आहेत. नव्या सभासदाला कळू न देता तिचा हिशोब आपणच दुरुस्त करून टाकतो आपण.

ताईंचा दहावा हप्ता गेल्या महिन्यात झाला. तीनशे सहा रुपये. यावेळी त्या उभ्या राहूनच गेल्या नाहीत, बसल्या, चहा घेतला आणि आजींना म्हणाल्या, "तुमच्या जाळीच्या पळीचं फिटलं बरं का." आजी हसल्या. पुढच्या महिन्यापासून वही त्याच ताई लिहिणार आहेत. मी शेजारी बसणार. चुकल्या तर बोलायचं नाही, विचारलं तरच सांगायचं, असं बजावलंय मला.

पोरींचं म्हणाल तर आता सुरुवात तीसवरून पंधरावर आलीय. ताईंची मुलगी म्हणते, पंधराही नको, सरळ शून्यापासून होऊ दे. माझी थोरली मात्र म्हणते, राहू दे अजून महिनाभर. का ते विचारलं तर सांगत नाही. शनिवारी साडेपाचला त्यांचा सामना आहे, शाळेच्या मैदानावर. शिर्डीकडून येणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं. नमस्कार.