पिवळ्या बसमधला जुना रेडिओ

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण तो आपल्या मुलांच्या रोजच्या प्रवासाशी जोडलेला आहे. म्हणून पाच मिनिटं द्या.

इथे अमेरिकेत पिवळ्या स्कूल बसच्या ड्रायव्हरच्या हाताशी एक काळा डबा आणि वेटोळ्या वायरचा माइक तुम्ही पाहिला असेल. तो टू-वे रेडिओ. मी आमच्या भागातल्या शाळांच्या वाहतूक समितीवर पालक म्हणून जातो. मी आयटीवाला, म्हणून एका बैठकीत प्रश्न माझ्याकडे आला. एका ट्रक कंपनीने नवी यंत्रणा घेतली होती, आणि तिचे जुने वीस रेडिओ आम्हाला फुकट मिळत होते. आमच्या बस नऊ. घ्यायचे का? बैठकीचं मत जवळजवळ ठरलंच होतं. फुकटचं ते पौष्टिक!

कुणी विचारेल, प्रत्येकाच्या खिशात फोन असताना रेडिओ हवाच कशाला? फोन एकाला एक लागतो. रेडिओचं बटण दाबलं की डेपो आणि सगळ्या बस एकदम ऐकतात. पुढच्या वळणावर बर्फावरून गाडी घसरतेय, हे मागच्या ड्रायव्हरला त्याच क्षणी कळतं. मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं तरी रेडिओ चालतो. शिवाय आंतरराज्य व्यावसायिक वाहनांच्या ड्रायव्हरांना हातात फोन धरून बोलायला २०१२ पासून केंद्रीय नियमाने मनाई आहे, आणि त्या नियमाच्या व्याख्येत टू-वे रेडिओ हा फोन धरलेला नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे असतात, ते मात्र तपासावे लागतात.

म्हणजे रेडिओ हवा. प्रश्न उरतो जुन्याचा. जुनं ते सोनं खरं, पण सोनंही सराफ कसाला लावूनच घेतो. मी समितीला तीन कसोट्या सांगितल्या.

पहिली कसोटी कायद्याची. एफसीसीने १५० ते १७४ आणि ४२१ ते ४७० मेगाहर्ट्झमधल्या अशा रेडिओंना १ जानेवारी २०१३ पासून अरुंद चॅनेल सक्तीचा केला. आधी २५ किलोहर्ट्झची जागा वापरायचे, आता साडेबारा. काही जुने रेडिओ सॉफ्टवेअरने साडेबारावर आणता येतात, काही मुळातच येत नाहीत. ओळखायचं कसं? मागच्या लेबलवर एफसीसी आयडी असतो. तो एफसीसीच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर उत्सर्जनाचे संकेत दिसतात. त्यात ११ के च्या आसपासचा संकेत असेल तर आशा आहे. फक्त १६ के किंवा २० के असेल, तर तो डबा ई-कचऱ्यात द्यायचा.

दोन्ही प्रकार एकाच ताफ्यात मिसळले तर काय होतं? अरुंद रेडिओवरून आलेला आवाज रुंद रेडिओवर बारीक ऐकू येतो. ड्रायव्हर आवाज वाढवतो, आणि पुढचा संदेश कानठळ्या बसवतो.

याच कसोटीत परवानाही येतो. रेडिओ मिळाला म्हणून ट्रक कंपनीची फ्रीक्वेन्सी मिळत नाही. ती पुसून टाकायची, फ्रीक्वेन्सी कोऑर्डिनेटरमार्फत शाळेसाठी अर्ज करायचा. परवाना दहा वर्षांचा असतो. आपल्यात हॅमचा छंद असलेले बरेच इंजिनियर आहेत, त्यांना खास सांगतो: हॅमचा परवाना किंवा हॅमचा सेट या कामाला चालत नाही.

दुसरी कसोटी मोजमापाची. 'हॅलो हॅलो, ऐकू येतंय' ही चाचणी नव्हे. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे सर्व्हिस मॉनिटर असतो. त्यावर प्रत्येक सेटची पॉवर, फ्रीक्वेन्सी आणि डेव्हिएशन मोजून घ्यायचं. वय झालं की कपॅसिटर सुकतात, फ्रीक्वेन्सी सरकते. आणि अँटेना, केबल जुनी लावू नका. गंजलेल्या जोडामुळे चांगला सेटही मुका होतो. वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळच. सिगारेट लायटरच्या खाचेतून २५ वॉटचा सेट चालवणं म्हणजे वायर तापायला आमंत्रण.

तिसरी कसोटी सांभाळण्याची, आणि एमबीएच्या वर्गात हीच सगळ्यात आधी विचारतात: उद्या हे कोण बघणार? काही जुन्या सेटचं प्रोग्रॅमिंग डॉसवर चालतं, त्याला सीरियल पोर्टवाला जुना संगणक आणि खास केबल लागते. तो संगणक ज्याच्याकडे आहे तो माणूस निवृत्त झाला की तुमचे रेडिओ गोठले. म्हणून सेटिंगची फाइल शाळेकडे हवी, आणि सुटे सेट आधीच प्रोग्रॅम करून कपाटात.

आमचा हिशेब असा निघाला. वीसपैकी सहा पहिल्या कसोटीत गेले, तीन दुसऱ्या. उरले अकरा. नऊ बसना नऊ, दोन सुटे. डब्याचे पैसे वाचले, पण अँटेना, बसवणं, प्रोग्रॅमिंग, परवाना यांचा खर्च झालाच. म्हणजे 'फुकट' हा शब्द बजेटच्या एकाच ओळीपुरता खरा होता. तरी मी घ्या म्हणालो, कारण वाचलेल्या पैशात नव्या केबल आणि दुरुस्तीचा वार्षिक करार बसला. पाचच सेट पास झाले असते, तर नको म्हणालो असतो.

एक शेवटची गोष्ट, जी यंत्राबद्दल नाही. साध्या अ‍ॅनालॉग चॅनेलवरचं बोलणं स्कॅनर असलेला कुणीही ऐकू शकतो. टोन लावला की दुसऱ्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण आपलं बोलणं लपत नाही. म्हणून मुलाचं नाव, घरचा पत्ता रेडिओवर बोलायचा नाही. बस क्रमांक आणि थांबा क्रमांक पुरतो. ही शिस्त ड्रायव्हरांना पहिल्याच दिवशी शिकवावी लागते.

तुमच्या शाळेच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा: आमच्या बसमधले रेडिओ साडेबारावर आहेत का, परवाना कधी संपतो, आणि बिघडले तर कुणाला फोन करायचा? उत्तर लगेच मिळालं तर निश्चिंत राहा. नाही मिळालं, तर समितीत एक जागा तुमची समजा.