होडीला आऊटबोर्ड इंजिन बसवताना
मच्छिमार बंधूंनो, इंजिन घेण्यापूर्वी होडीच्या मागच्या फळीची उंची मधोमध मोजावी. सुमारे ३८ सें.मी. उंचीला आखूड दांड्याचे, तर ५१ सें.मी. उंचीला लांब दांड्याचे इंजिन लागते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा २ ते ३ सें.मी. खाली यावी. पट्टी वर राहिल्यास पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतेच घोंघावते. फार खाली गेल्यास वेग घटून इंधन वाया जाते.

फळी कुजकी असल्यास आधी बदलावी. इंजिन घट्ट आवळून शिवाय साखळीने होडीला बांधावे. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवावी. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन तत्काळ थांबते व पंख्याचा धोका टळतो. परतल्यावर पिंपातील गोड्या पाण्यात इंजिन थोडा वेळ चालवावे, म्हणजे आत मीठ साचत नाही. आणि वल्ही मात्र नेहमी होडीतच ठेवावीत.