दोन घटिका आणि उरलेल्या अठ्ठावन्न



अहोरात्राच्या साठ घटिका होतात. त्यांपैकी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, हा एका सामायिकाचा काळ. आसन अंथरावे, घड्याळ समोर ठेवावे, सावद्य व्यापारांचा त्याग करून तेवढा वेळ समभावात राहावे, अशी ही साधना. श्रावकाच्या बारा व्रतांत तिची गणना शिक्षाव्रतांमध्ये होते. शिक्षा म्हणजे येथे दंड नव्हे. शिक्षण, अभ्यास, सराव. पहिलवान तालमीत घाम गाळतो तो मैदानासाठी. त्याचप्रमाणे श्रावक दोन घटिका आसनावर बसतो तो उरलेल्या अठ्ठावन्न घटिकांसाठी. आसन गुंडाळल्यावर पहिला शब्द कोणता निघतो आणि तो कोणाला उद्देशून निघतो, यावर त्या सामायिकाचे मोल ठरते. चहा थंड झाला म्हणून सुनेवर आवाज चढला, तर त्या ४८ मिनिटांत केवळ गुडघे दुखले असे म्हणावे लागेल.

पूर्वाचार्यांना माणसाची ही गत चांगलीच ठाऊक होती. त्यांनी सामायिकाचे ३२ दोष सांगितले आहेत. त्यांत मनाचे दहा, वचनाचे दहा आणि कायेचे बारा. भिंतीला टेकणे, आळस देणे, बोटे मोडणे हे कायेचे दोष सर्वांना माहीत असतात, कारण ते शेजारच्याला दिसतात. मनाच्या दोषांत मात्र यशकीर्ती आणि गर्व यांचाही समावेश आहे. लोकांनी धार्मिक म्हणावे या इच्छेने केलेले सामायिकही सदोषच. वर्षभराच्या सामायिकांची संख्या फलकावर लावण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिचा या दृष्टीने थोडा विचार व्हावा.

साधना आणि व्यवहार यांच्यामध्ये भिंत नसलेला गृहस्थ कसा दिसतो, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतलेल्या तरुण गांधीजींची भेट श्रीमद् राजचंद्रांशी झाली. १८६७ साली सौराष्ट्रातील ववाणिया येथे जन्मलेले राजचंद्र तेव्हा पंचविशीच्याही आतले होते, मुंबईच्या जवाहिरांच्या पेढीत भागीदार होते आणि हिरे-मोत्यांचे पारखी म्हणून ओळखले जात. गांधीजींनी आत्मकथेत त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. एकाच वेळी शंभर गोष्टी ध्यानात ठेवण्याच्या त्यांच्या शतावधानी शक्तीचे गांधीजींना कौतुक वाटलेच; परंतु मनावर ठसा उमटला तो दुसऱ्याच गोष्टीचा. राजचंद्रांच्या मेजावर एखादे धर्मविषयक पुस्तक आणि रोजनिशी नेहमी असे. लाखोंच्या सौद्याची बोलणी संपली की लगेच पुस्तक तरी उघडे किंवा रोजनिशी तरी.  दोन गिऱ्हाइकांच्या मधली जी पाच-दहा मिनिटे इतरांची गप्पांत जातात, ती त्यांनी आत्मचिंतनासाठी राखली. १९०१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी, त्यांचा देहविलय झाला. आज दुकानातल्या रिकाम्या मिनिटांवर मोबाईलचा हक्क आहे. गल्ल्याशेजारी एखादी लहान वही ठेवायला फारसा खर्च येणार नाही.

घरातील सवयींकडे वळावे, तर पाणी गाळण्याची सवय सर्वांत जुनी. दुहेरी कापडाचे गाळणे, त्यातून सावकाश ओतलेले पाणी, हे दृश्य जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर आहे. या क्रियेचे दोन भाग होते, ही गोष्ट मात्र विसरली जाते. पाणी गाळून झाल्यावर गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची असे. गाळणे हे स्वतःच्या आरोग्यासाठीही होऊ शकते. जिवाणी पोचवणे हे केवळ दुसऱ्यासाठी होते. आता नळ आले, शुद्धीकरणाची यंत्रे आली, विहिरी बुजल्या. पहिला भाग यंत्राने सांभाळला. दुसऱ्या भागाला यंत्र नाही. रात्रिभोजनत्याग, कंदमूळत्याग, तिथीचे नियम यांविषयी प्रवचनांतून पुष्कळ सांगितले जाते, म्हणून त्यांचा येथे विस्तार नको.

विस्तार हवा तो अहिंसाणुव्रताच्या अतिचारांचा. तत्त्वार्थसूत्रात ते पाच सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पहिले तीन, म्हणजे बांधून ठेवणे, मारणे आणि अवयव छेदणे, आपल्या घरी घडत नाहीत असे श्रावक सहज म्हणू शकेल. शेवटचे दोन इतके सोपे नाहीत. अतिभारारोपण म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे. ते बैलाच्या पाठीवर जसे, तसे हमालाच्या पाठीवरही. आणि दिवाळीच्या आठवड्यात रात्री अकरापर्यंत उभ्या ठेवलेल्या नोकराच्या पायांवरही. अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर अन्नपाणी न मिळू देणे. स्वामीवात्सल्याच्या पंक्ती उठतात, पाहुण्यांची व्यवस्था उत्तम झाली म्हणून कार्यकर्त्यांचे अभिनंदन होते, आणि पहाटे चारपासून चुलीपाशी असलेला आचारी व वाढपी चार वाजता कोरड्या तोंडाने भांडी आवरत असतात. मुंगीसाठी वाकून चालणाऱ्या समाजाला ते दिसत नाहीत, असे नाही. पाहण्याची सवय नसते, इतकेच. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना दुपारी पाणी विचारले जाते का आणि ते कोणत्या पेल्यातून दिले जाते, हा प्रश्नही याच अतिचाराच्या पोटातला आहे.

ही सवय जडली की माणूस किती पुढे जाऊ शकतो, हे साताऱ्याने पाहिले आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळण्याच्या संस्कारांत वाढलेल्या. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत. त्या मुलांचे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने केले. धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने मोडले. अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या त्यागाचा उल्लेख भाषणांतून होतो, पण मंगळसूत्र देण्याचा प्रसंग एकदाच येतो; दुसऱ्यांच्या मुलांचे जेवण मात्र दोन्ही वेळा, रोज, वर्षानुवर्षे येते. अवघड होते ते हेच.

आता प्रतिक्रमणाविषयी. राईय, देवसिय, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक अशी त्याची पायरी-पायरीने रचना आहे. तिच्यामागे कषायांचा एक बारकाईचा हिशेब दिसतो. श्वेतांबर कर्मग्रंथांनुसार संज्वलन क्रोध फार तर पंधरवडा टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष. त्यापुढे टिकणारा तो अनंतानुबंधी. दिगंबर ग्रंथांतील मुदती वेगळ्या आहेत, क्रम तोच. क्रोधाच्या या चार जातींना दृष्टांतही दिले आहेत: पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, जमिनीची भेग, डोंगराची भेग. पंधरवडा, चातुर्मास आणि वर्ष हे टप्पे प्रतिक्रमणातही तेच आहेत. अर्थात संवत्सरी ही शेवटची तारीख आहे. राग त्यापलीकडे नेला, तर ज्या सम्यक्त्वाच्या जोरावर सर्व क्रिया चालतात त्याच्याच मुळावर घाव बसतो.

आणि नेमके त्याच दिवशी काय घडते? सकाळपासून मोबाईलवर ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश सुरू होतात. फुलांचे चित्र, हात जोडलेली आकृती, एका बोटाच्या स्पर्शात तीनशे जणांना क्षमापना. या तीनशेंत बहुतेक असे असतात की ज्यांच्याशी वर्षभरात दोन शब्दांचाही संबंध आलेला नसतो. मग अपराध कुठला? ज्याच्याशी वाटणीवरून बोलणे तुटले तो सख्खा भाऊ त्याच गल्लीत राहतो. त्याचा क्रमांक मात्र त्या यादीतून कधीच काढून टाकलेला असतो. दोघेही उपाश्रयात येतात, दोघेही उपवास करतात, एक उजवीकडच्या खांबापाशी बसतो, दुसरा डावीकडच्या. पारणे दोन घरांत वेगवेगळे होते. मुले एकमेकांना शाळेत भेटतात आणि घरी सांगत नाहीत.

अशा ठिकाणी संदेश पुरत नाही. त्या घरी जावे लागते. जमिनीचा वाद कोर्टात असेल तर तो तिथे चालू राहू द्यावा. क्षमापनेसाठी खटला मागे घ्यावाच लागतो असे शास्त्र कुठे म्हणत नाही. बरोबर मध्यस्थ नेऊ नये, पेढ्यांचा पुडाही नेऊ नये. सकाळी लवकर जावे, वहिनी दार उघडतील तर प्रथम त्यांनाच हात जोडावेत, आणि जुन्या गोष्टीची सुरुवात कोणी केली हा विषय त्या दिवशी काढू नये.